पत्र्याचं शेड, ताडपत्री, कंटेनर, मांडव: आपल्याच जागेत तात्पुरतं काही उभं करायचं तर नियम काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की फोन सुरू होतात. कुणाला गच्चीवर पत्रा टाकायचाय, कुणाला शेतात कडबा ठेवायला शेड मारायचंय, कुणाच्या हातात नोटीस असते आणि आवाज कापत असतो. मी नकाशे करून देण्याचं आणि परवानगीच्या फायली लावण्याचं काम करतो, बहुतेक पुणे जिल्ह्यात, त्यामुळे तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं ऐकलेत. ते इथे एकत्र केलेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी कळेल असं लिहायचा प्रयत्न केलाय, आणि जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा नंबर दिलाय. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे.

१. शेड नटबोल्टचं आहे, पाया खणलेला नाही, उद्या उचलून नेता येईल. मग परवानगी कशाला लागेल?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६, ज्याला आपण सगळे एमआरटीपी म्हणतो, त्यात मुख्य शब्द आहे 'विकास'. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम किंवा इंजिनिअरिंगचं काम, किंवा जागेच्या वापरात केलेला मोठा बदल, हे सगळं त्यात येतं. सिमेंटचं की लोखंडाचं, हा प्रश्नच तिथे नाही. बांधकाम नियमांमध्ये इमारतीची व्याख्यासुद्धा 'कुठल्याही कामासाठी, कुठल्याही साहित्याची' अशीच सुरू होते. म्हणजे पाईप आणि पत्र्याचं शेड, पोर्टा केबिन, फायबरची टपरी, सगळं आत आलं.

सूट आहे ती तंबू, शामियाना, ताडपत्रीचा आडोसा यांना, आणि तीही समारंभापुरती, तात्पुरती आणि परवानगी घेऊन उभारलेली असेल तर. राष्ट्रीय इमारत संहितेत हे स्पष्ट लिहिलंय.

तर 'उचलून नेता येतं' या मुद्द्यावर भांडू नका, तो टिकत नाही. ऑफिसात बघतात ते वेगळंच: कशासाठी उभारलंय, किती दिवस राहणार आणि जागेत नेमकं कुठे आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, एखादं काम तात्पुरत्या स्वरूपाचं आहे की नाही हे ठरवायचा अधिकार एमआरटीपीच्या कलम ५५ ने नियोजन प्राधिकरणाला (म्हणजे तुमच्या जागेला परवानगी देणाऱ्या पालिका, पीएमआरडीए वगैरेंना, प्रश्न ३) दिलाय आणि त्याबाबत त्यांचा निर्णय अंतिम असतो. नोटिशीच्या वेळी याचा काय परिणाम होतो ते प्रश्न १५ मध्ये.

२. दहा बाय दहापर्यंत परवानगी लागत नाही ना? आमच्याकडे सगळे तसंच सांगतात.

एमआरटीपी कायद्यात असा कुठलाही 'दहा बाय दहा'चा आकडा नाही. कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय काय चालतं याची यादी आहे. त्यात इमारतीच्या बाहेरच्या रूपात फारसा फरक न पडणारी देखभाल-दुरुस्ती आहे, शेतीच्या नेहमीच्या कामासाठी केलेलं खोदकाम आहे (विहीरसुद्धा), फक्त शेतात जाण्यासाठीचा रस्ता आहे, आणि राहत्या घराच्या उपभोगाला पूरक असा जागेचा वापर आहे.

शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण बोट ठेवतात, की बघा, घराला पूरक म्हणून अडगळीची खोली बांधली. पण तिथे शब्द 'वापर' आहे, बांधकाम नाही. अंगणात लाकडं रचली, सायकली लावल्या, धान्य वाळत घातलं, तो वापर झाला. चार खांब रोवून वर पत्रा टाकला की ते बांधकाम झालं.

जुने फुटके पत्रे किंवा कौलं काढून त्याच उंचीला नवीन घालणं ही दुरुस्ती, त्याला कुणी काही म्हणत नाही. तेच करताना भिंत दोन फूट वर घेतलीत तर गोष्ट बदलली.

३. परवानगी नक्की कुणाकडे मागायची? ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा आहे का?

जागा कुठे आहे त्यावर ठरतं. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत असाल तर त्यांचा बांधकाम किंवा नगररचना विभाग. पुण्याच्या आजूबाजूच्या गावांत पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जी २०१५ मध्ये आली. एमआयडीसीच्या प्लॉटवर एमआयडीसी स्वतः. या कुणाच्याच हद्दीत नसलेल्या पण प्रादेशिक योजनेतल्या गावात, गावठाणाच्या बाहेर, कलेक्टर. आणि गावठाणात ग्रामपंचायत, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली.

म्हणजे ग्रामपंचायतीचा कागद गावठाणात कामाचा, पण गावठाणाबाहेरच्या गटात त्याच सरपंचांची सही असलेली एनओसी ही परवानगी होत नाही. लोक प्रामाणिकपणे पंचायतीत जातात, फी भरतात, पावती घेतात, आणि दोन वर्षांनी वरच्या ऑफिसची नोटीस येते तेव्हा ती पावती दाखवत फिरतात. मला याचं फार वाईट वाटतं कारण यात त्यांची लबाडी काहीच नसते, फक्त योग्य दार कुणी दाखवलेलं नसतं.

नियमांचं पुस्तक कोणतं तेही बघा. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकच नियमावली आली, यूडीसीपीआर. पण ती मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा भाग), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा नगरपरिषद आणि केंद्राने जाहीर केलेले इको सेन्सिटिव्ह भाग यांना लागू नाही. मुंबईत डीसीपीआर २०३४ आहे. त्यामुळे महाबळेश्वरच्या नातेवाइकाने केलं म्हणून तुम्ही साताऱ्यात तसंच करायला जाऊ नका, आणि उलटंही नको.

४. माझी जागा कोणत्या झोनमध्ये येते हे कसं कळणार?

सातबारावरून कळत नाही, हे आधी डोक्यातून काढा. सातबारा सांगतो जमीन कुणाची, क्षेत्र किती, पीक काय. झोन कळतो विकास योजनेच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या नकाशावरून. त्यासाठी गट नंबर, सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडून नगररचना ऑफिसला (किंवा तुमच्या प्राधिकरणाला) झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. दोन्ही घ्या. दाखल्यावर नुसतं 'शेती विभाग' असं येतं, पण गटातून नियोजित रस्ता जातोय का, काही आरक्षण पडलंय का, हे भाग नकाशात दिसतं. शेड नेमकं त्या रस्त्याच्या रेषेत उभं राहिलं तर पुढे सगळंच अवघड होतं.

५. शेतात गोठा, कडब्याचं शेड, कांदा चाळ बांधायची आहे. एनए करावं लागेल का?

नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये 'शेतघरा'ची व्याख्या आहे आणि ती चांगली ऐसपैस आहे: अवजारं, खत, चारा ठेवायला, शेतमाल साठवायला, जनावरं बांधायला, शेतकऱ्याच्या घरच्यांना किंवा गड्याला राहायला, किंवा शेती कसण्याचाच भाग असलेल्या दुसऱ्या कुठल्या कामाला उभारलेली इमारत. गोठा, कांदा चाळ, पंपाची खोली, सगळं यात बसतं. यासाठी जमीन बिनशेती करायची गरज नाही.

पण यापुढचं वाक्य लोक ऐकत नाहीत. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतीच्या ठरावीक पट्ट्यात शेतघरालासुद्धा कलम ४१ खाली कलेक्टरची परवानगी लागते, आणि तिथे मापं ठरलेली आहेत. ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एका एकरापेक्षा कमी क्षेत्र असेल तर परवानगी मिळत नाही. ०.४ ते ०.६ हेक्टर असेल तर सगळ्या शेतघरांचं मिळून जोतं १५० चौरस मीटरपर्यंत. त्याहून जास्त क्षेत्र असेल तर क्षेत्राच्या चाळिसाव्या भागाइतकं किंवा ४०० चौरस मीटर, जे कमी असेल ते. त्यातलं राहण्यासाठीचं जोतं १५० च्या वर नाही, बांधकाम फक्त तळमजल्याचं आणि जोत्यापासून उंची ५ मीटरच्या आत.

उदाहरण घ्या, तुमची एक हेक्टर जमीन आहे. म्हणजे १०,००० चौरस मीटर, त्याचा चाळिसावा भाग २५०. गोठा, चाळ आणि गड्याची खोली तिन्ही मिळून २५० मध्ये बसवा. फक्त गोठ्याचाच हिशोब करून बाकीचं विसरलात तर चालणार नाही.

कांदा चाळ किंवा गोठ्यासाठी सरकारी अनुदान घेणार असाल तर मंजुरीच्या कागदावर गट नंबर असतो, चाळ त्याच गटात बांधा. शेजारच्या भावाच्या गटात सावली चांगली आहे म्हणून तिकडे बांधली आणि पाहणीला अडकली, असं झालेलं मी बघितलंय.

६. तेच शेतातलं शेड रिकामं असतं. कंपनीला गोडाऊन म्हणून भाड्याने दिलं तर?

तर ते शेतघर राहत नाही. बांधकाम तसंच आहे, एक खिळाही हललेला नाही, पण वापर बदलला आणि प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं वापर बदलणं हासुद्धा 'विकास' आहे. मग दोन बाजूंनी प्रश्न येतो: महसूल खात्याकडून परवानगीशिवाय बिनशेती वापराची कारवाई जमीन महसूल संहितेच्या कलम ४५ खाली, आणि नियोजन प्राधिकरणाकडून एमआरटीपी खाली.

शेजारच्या शेतकऱ्याचा कांदा सीझनपुरता तुमच्या चाळीत ठेवला तर माल शेतीचाच आहे, तिथे कुणी ताणत नाही. पण टाइल्स, भंगार, कुरियरची पार्सलं, टेम्पोंची पार्किंग, हे शेतीत बसत नाही. चाकण, वाघोली बाजूला भाडं चांगलं येतं हे मला माहितीये. मग ते सरळ मार्गाने करा, झोनमध्ये गोडाऊन चालतं का ते आधी बघा (प्रश्न ४), चालत असेल तर रीतसर परवानगी घ्या. कंपनीबरोबर अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून वापर 'तात्पुरता' ठरत नाही.

७. गच्ची गळते. फक्त पावसाळ्यापुरतं पत्र्याचं शेड टाकलं तर चालेल का?

चालतं, पण विचारून. पावसापासून बचावासाठी, गच्ची झाकण्यासाठी पावसाळ्यापुरतं उभारलेलं शेड हा तात्पुरत्या बांधकामाचा मान्य प्रकार आहे. मुंबईत वॉर्ड ऑफिसात दरवर्षी यासाठी अर्ज येतात. परवानगीच्या कागदावर शेड काढण्याची तारीख असते आणि खरी अडचण तिथेच होते, कारण दिवाळी येते, काढायचं राहतं, मग खाली पंखा लागतो, मग एक बाजू बंद होते, मग भाडेकरू येतो. उघडं पावसाळी शेड आणि तीन बाजूंनी बंद केलेली खोली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसरी थेट एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायला मिळतं त्या क्षेत्रात, मोजली जाते.

बाजू उघड्या ठेवा, उंची गळती थांबवायला लागते तेवढीच ठेवा, पाण्याच्या टाकीकडे आणि जिन्याकडे जायला वाट सोडा. गळती कायमचीच असेल तर दरवर्षी पत्र्यावर खर्च करण्याऐवजी वॉटरप्रूफिंगचा खर्च एकदा काढून बघा, तीन-चार पावसाळ्यांच्या हिशोबात तो बऱ्याचदा स्वस्त पडतो.

८. बंगल्याच्या साइड मार्जिनमध्ये गाडीसाठी शेड टाकायचंय. आपलीच जागा आहे ना?

जागा तुमची आहे, पण मार्जिन (बंगला आणि हद्द यांच्यामधली जागा) मोकळं ठेवण्याच्या अटीवर बंगल्याला परवानगी मिळालेली आहे. उजेड, वारा, आणि आग लागली तर माणूस आणि पाण्याचा पाइप आत जायला ती जागा असते. गाडी उघडी उभी केली तर प्रश्न नाही. एका कारसाठी २.५ बाय ५ मीटर धरतात, म्हणजे वर छप्पर घातलं की बहुतेक बंगल्यांचं एका बाजूचं मार्जिन संपलंच.

करायचंच असेल तर मंजूर नकाशा काढा, त्यात पार्किंग कुठे दाखवलंय ते बघा आणि तिथेच छपरासाठी सुधारित परवानगी मागा. कापडी किंवा जाळीचं गुंडाळता येणारं छत घेतलं तर वाद सहसा होत नाही, पण खांब काँक्रीटमध्ये पुरले की विषय पुन्हा प्रश्न १ वर येतो.

९. शेजाऱ्याच्या शेडच्या पागोळ्या आमच्या अंगणात पडतात. तक्रार कुठे करायची?

आधी बोला. पन्हळ लावून पाणी त्यांच्याच बाजूला वळवणं हे एका दिवसाचं काम आहे. ऐकलं नाही तर दोन वेगळे रस्ते आहेत, आणि लोक ते एकात एक करतात.

शेडला परवानगी आहे का, हा विषय पालिकेचा किंवा पंचायतीचा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पाणी तुमच्या हद्दीत सोडण्याचा त्यांना हक्क आहे का, हा दिवाणी कोर्टाचा विषय. सुविधाधिकार कायदा १८८२ प्रमाणे असा हक्क २० वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्क म्हणून वापर झाला तर तयार होऊ शकतो, म्हणून जुनं घर असेल तर ते हेच म्हणतील, आणि शेड नवीन असेल तर त्यांच्याकडे तो मुद्दा नाही. हद्दच कुठली यावर वाद असेल तर सगळ्यात आधी भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून मोजणी करून घ्या. मोजणीशिवाय केलेलं भांडण वर्षानुवर्षं चालतं आणि दोन्ही घरं त्यात पोळतात.

१०. सोसायटीत आहोत. टॉप फ्लोअरवाल्यांनी शेड टाकलं, कमिटी हो म्हणाली. मग झालं ना?

नाही झालं. कमिटीची किंवा सर्वसाधारण सभेची संमती ही सोसायटीच्या आतली गोष्ट आहे, कारण गच्ची सगळ्यांची असते. महापालिकेची परवानगी त्याशिवाय वेगळी लागते, आणि अर्ज सोसायटीच्या नावाने गेलेला बरा, नोटीस आली तरी एकट्या माणसावर येत नाही. पावसाळी शेडचं बाकी सगळं प्रश्न ७ प्रमाणेच.

११. घराचं बांधकाम चालू आहे. सिमेंटचं गोडाऊन, वॉचमनची केबिन, मजुरांच्या खोल्या यांना वेगळी परवानगी लागते का?

साइटवरच, मूळ काम चालू असेपर्यंत, साहित्याचं गोडाऊन, साइट ऑफिस, वॉचमन चौकी हे तात्पुरत्या बांधकामाचे मान्य प्रकार आहेत. मुंबईच्या नियमात तात्पुरत्या बांधकामाला एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने आणि सगळं मिळून तीन वर्षं अशी मुदत आहे, आणि बांधकामाशी जोडलेले प्रकार मुख्य इमारत पूर्ण झाली की संपतात. बाकी ठिकाणी तुमच्या परवानगीपत्रावर जे लिहिलंय ते. मूळ नकाशासोबतच हे दाखवून टाकलं की पुन्हा फाईल फिरवावी लागत नाही.

मजुरांच्या निवाऱ्याबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा १९९६, कलम ३४, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत सांगत होतं की कामगारांना काम चालू असेपर्यंत साइटवर किंवा जवळ राहण्याची जागा मालकाने फुकट द्यायची, स्वयंपाकाला, अंघोळीला, कपडे धुवायला आणि संडासला वेगळी सोय करून, आणि काम संपलं की ती जागा काढून जमीन पूर्ववत करायची. निळ्या पत्र्याच्या बिनखिडकीच्या खोल्यांमध्ये मे महिन्यात लहान मुलं झोपलेली मी बघितली आहेत. पत्रा घालणारच असाल तर खाली शेडनेट किंवा वर गवताचा थर द्या, समोरासमोर दोन झरोके ठेवा, आणि दोन खोल्यांच्या रांगांमध्ये आग पसरणार नाही एवढं अंतर सोडा.

१२. लग्नाचा मांडव, वास्तुशांतीचा शामियाना, कोकणातला माटव, यांचं काय?

स्वतःच्या अंगणात दोन-चार दिवसांचा मांडव याला कुणी बांधकाम म्हणत नाही (सूट कुठली ते प्रश्न १ मध्ये). रस्त्यावर एक खांब जरी आला तर पालिका आणि पोलीस दोघांची परवानगी हवी. स्पीकरचा नियम वेगळा आहे, रात्री १० नंतर बंद, ही गोष्ट मांडवाच्या परवानगीने बदलत नाही.

कोकणात पाऊस संपला की खळ्यात माटव घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात, लाकडी खांब आणि वर झावळं. ही पिढ्यानपिढ्यांची पद्धत आहे आणि खऱ्या अर्थाने तात्पुरती आहे. हल्ली त्याच जागी लोखंडी खांब आणि रंगीत पत्रा येतो आणि तो जूनमध्ये निघत नाही. तो माटव नव्हे, ते शेड आहे.

१३. दिवाळीत स्वतःच्या मोकळ्या प्लॉटवर फटाक्यांचा स्टॉल लावायचा आहे. जागा माझी, मग?

इथे जागा कुणाची याला जवळजवळ अर्थ नाही. स्फोटके नियम २००८ लागू होतात आणि तात्पुरता परवाना लागतो. शेड न जळणाऱ्या साहित्याचं हवं, म्हणजे कापडी मांडव आणि बांबू चालत नाहीत. दोन स्टॉलमध्ये किमान ३ मीटर, संरक्षित ठिकाणांपासून (घरं, शाळा, दवाखाने अशा) ५० मीटर, तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त स्टॉल नकोत, आणि आत तेलाचा दिवा, गॅसबत्ती, उघडी ज्योत अजिबात नको. पूजेचा दिवासुद्धा बाहेर, लांब.

१४. नदीकाठी, समुद्राजवळ किंवा विजेच्या तारेखाली जागा आहे. तिथे साधं शेड तरी चालेल का?

तिन्हींचं वेगवेगळं आहे.

नदी: पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, शेती करा, मोकळी ठेवा. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घेऊन. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात पाणी चढलं तेव्हा कुठे काय वाहून गेलं हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. पत्र्याचं शेड पुरात नुसतं वाहत नाही, ते पुलाला जाऊन अडकतं आणि पाणी तुंबवतं.

समुद्र: भरती रेषेपासून सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) लागतो आणि गावाच्या परवानगीने तो सुटत नाही. २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावर पर्यटनासाठी शॅकसारख्या तात्पुरत्या सोयींना वाव आहे, पण भरती रेषेपासून किमान १० मीटर सोडून आणि मंजुरी घेऊनच. स्वतःच्या वाडीत नारळ ठेवायचं शेड घालायचं असलं तरी आधी जागेवर सीआरझेडची रेषा कुठून जाते तो नकाशा बघा.

वीज: ११ केव्ही लाइन असेल तर शेडच्या सर्वात उंच भागापासून तार उभ्या अंतरात किमान ३.७ मीटर आणि बाजूने १.२ मीटर लांब हवी. तार उन्हाळ्यात सैल होऊन खाली येते, थंडीत मोजलेलं अंतर धरू नका. पत्रे चढवताना लांब पाईप उभा धरून तारेला लागल्याने माणसं गेलेली आहेत. त्या दिवसापुरती लाइन बंद करायला महावितरणला लेखी सांगा, लाज वाटायचं कारण नाही.

१५. नोटीस आली. आता काय करू?

आधी कलम वाचा. एमआरटीपीचं कलम ५४ म्हणजे काम थांबवा, त्या क्षणी थांबवा. कलम ५५ म्हणजे तात्पुरत्या स्वरूपाचं बांधकाम, आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत काढा, नाही काढलं तर कलेक्टर किंवा पोलीस आयुक्तांमार्फत काढून टाकतात. कलम ५३ बाकीच्या विनापरवाना बांधकामासाठी, त्याची प्रक्रिया वेगळी असते. गंमत म्हणजे लोक स्वतःच लेखी उत्तरात 'आमचं शेड तात्पुरतं आहे' असं लिहून देतात आणि थेट ५५ मध्ये जाऊन बसतात. उत्तर लिहिण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा. शिक्षेचं कलम ५२ आहे, एक महिना ते तीन वर्षं कैद, २,००० ते ५,००० दंड, आणि चालू ठेवलं तर रोजचे २००.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पाडकामाबद्दल निर्देश दिलेत: किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून, बाजू मांडायची संधी, आणि कारणं दिलेला लेखी आदेश. पण रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाइनला लागून, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही.

नोटीस फाडू नका, घ्यायला नकार देऊ नका, मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा. दिवस तिथूनच मोजतात.

१६. शेडची घरपट्टी भरतोय, लाइटचं मीटर आहे. मग ते अधिकृतच झालं ना?

नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली दुप्पट करसुद्धा लावू शकते, ज्याला आपण शास्तीकर म्हणतो, आणि तो भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही असं त्याच कलमात म्हटलंय. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद असणं म्हणजे कर आकारणी झाली, एवढंच. पावत्या मात्र जपून ठेवा, शेड कधीपासून आहे हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो.

१७. अर्ज देऊन ६० दिवस होऊन गेले, उत्तर नाही. आता बांधायला सुरुवात करू?

एमआरटीपीच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हे खरं. पण त्याला अट आहे: प्रस्ताव विकास योजनेत आणि नियमांत पूर्ण बसणारा हवा. मार्जिनमधलं शेड ६० दिवसांनी आपोआप कायदेशीर होत नाही. आणि दिवस पूर्ण अर्ज दिल्यापासून मोजतात, मध्ये त्रुटीपत्र आलं असेल तर ते हिशोबात घ्या. सुरू करण्याआधी 'मानीव परवानगी धरून काम सुरू करत आहे' असं पत्र देऊन पोच घ्या.

१८. घर पडलं, किंवा जळालं. आज रात्री कुठे राहायचं हा प्रश्न आहे आणि तुम्ही परवानगीचं सांगताय?

नाही, आधी डोक्यावर काहीतरी घाला. ताडपत्री, बांबू, जे मिळेल ते, पडलेल्या भिंतीपासून लांब आणि उताराच्या पायथ्याला नाही. आपत्तीच्या वेळी सरकारसुद्धा हेच करतं. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वाचलेल्या कुटुंबांना पक्की घरं होईपर्यंत चौक गावाजवळ कंटेनरमध्ये ठेवलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी दोन कामं करा. तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या आणि त्यात पडलेल्या घराची लांबी-रुंदी, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं हे लिहून घ्या. आणि ग्रामपंचायत किंवा पालिकेला एक साधं पत्र द्या, की घर पडल्यामुळे आमच्याच जागेत तात्पुरता निवारा घातलाय, अमुक मापाचा, घर उभं राहीपर्यंत. तारीख, सही, पोच, आणि तारखेसकट चार बाजूंचे फोटो. ढिगारा उचलण्याआधी जुन्या जोत्याचे कोपरे खुंट्या मारून ठेवा, नवीन नकाशा करायला तेच कोपरे लागतात आणि एकदा जेसीबी फिरला की ते सापडत नाहीत.